एकाच वेळी अनेक फाइली चढवताना

वेबपेजवरच्या फाइल-इनपुटला 'मल्टिपल' लावलंस की एकदम अनेक फाइली निवडता येतात, तेवढं सोपं आहे. खरी गोम फाइल किती वर गेली हे दाखवणाऱ्या पट्टीत आहे. फाइल सर्व्हरला पाठवायला जावास्क्रिप्टचा 'फेच' वापरू नकोस. किती बाइट वर गेले हे तो सांगत नाही. त्यासाठी त्याच कामाचा जुना एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टच बरा. 'प्रोग्रेस'चा लिसनर (प्रगती झाली की चालणारा कोड) मात्र त्याच्या 'अपलोड'वर लाव. थेट रिक्वेस्टवर लावलास तर सर्व्हरचं उत्तर खाली उतरतानाची प्रगती दिसेल, आणि पट्टी का हलत नाही म्हणून डोकं खाजवत बसशील. 'लोडेड' भागिले 'टोटल' गुणिले 100, झाली टक्केवारी.

प्रत्येक फाइलीला वेगळी रिक्वेस्ट आणि वेगळी पट्टी दे, म्हणजे एक अडकली तरी बाकीच्या जातील. सगळ्या एकदम सोडू नकोस, दोन-तीनच चालू ठेव. पट्टी 100 वर गेली की लगेच 'झालं' लिहू नकोस हं! सर्व्हरला फाइल जतन करायची असते. सर्व्हरकडून 200 (म्हणजे 'यशस्वी') येईपर्यंत 'तपासतोय' दाखव.

लहान फोटो जातो आणि मोठा अडतो? सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेत 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' मुळात 2 एमबी असतो, एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मर्यादा मुळात 1 एमबी. 413 (म्हणजे 'पाठवलेलं फार मोठं') दिसला तर आधी एनजिनएक्सची मर्यादा बघ, जावास्क्रिप्ट नंतर.