थारचा क्रँक सेन्सर बदलूनही पी०३३५ परत परत येतो. आता ईसीयू बदलू का?

ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, हात लावू नका. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उत्तर पूर्ण वाचायच्या आत तुम्ही कुणाला तरी ॲडव्हान्स देऊन मोकळे व्हाल.

तुम्ही लिहिलंय की २०१२ची थार सीआरडीई (महिंद्राची जीप, कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन) आहे, चढावर गरम झाली की अचानक बंद पडते, थोडा वेळ थांबलं की मुकाट चालू होते, स्कॅनर दर वेळी पी०३३५ हा बिघाडाचा कोड दाखवतो, क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य दांडा फिरतोय हे ईसीयूला कळवणारा) बदलून झाला, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय ईसीयू गेला. एरवी मी गाड्यांच्या प्रश्नांवर लिहीत नाही. पण हे सगळं जसंच्या तसं मी इंदुरात, आमच्याच घरात ऐकलेलं आहे. ऐकवणारे होते माझे आतेभाऊ, आणि गाडी होती माझी, तुमच्याच मॉडेलची.

दादांबद्दल थोडं सांगावं लागेल. त्यांच्याकडे एके काळी एमएम ५४० होती, प्यूजोच्या डिझेल इंजिनवाली. ती विकून जमाना झाला, पण आमच्याकडे गणपती असोत की कुणाची मुंज, जेवणं झाली की ती जीप निघतेच. "ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. पाना आणि हातोडी असली की माणूस लडाखला जाऊन येईल." दादा स्वतः जीप घेऊन मांडूच्या पुढे गेल्याचं कुणाला आठवत नाही, ते सोडा.

तर पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलला निघालो होतो. सिमरोल सोडलं, भेरूघाटात एका वळणावर पुढे ट्रक, मागे बस, मी गाडी खालच्या गिअरमध्ये घेऊन दाबली आणि इंजिन खल्लास. ना धक्का, ना आचका, सरळ कुणी किल्ली फिरवावी तसं बंद. शेजारच्या सीटवर दादा. त्यांचा चेहरा पाहिला असतात तर लॉटरी लागली असं वाटलं असतं. "तुझा कॉम्प्युटर दमला रे," म्हणाले. बॉनेट उघडून सगळे उभे राहिलो, वाफ नाही, तेल नाही, काही नाही. बऱ्याच वेळाने किल्ली मारली, चालू. तेव्हापासून घाटात हा प्रकार सुरू झाला तो सुरूच.

मग मी बाहेरगावी असताना दादांनी उपकार म्हणून गाडी त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने सेन्सर काढून मीटर लावला, हीट गनने शेकला, पुन्हा मीटर लावला, आणि मला फोनवर निकाल दिला: "भिया, गरम हो के ओहम बढ़ रिया है, सेंसर गया समझो." थंड असताना आठशे ओहमच्या आसपास, तापल्यावर साडेनऊशेच्या पुढे. आता हे दहावीच्या विज्ञानाचं आहे. सेन्सरच्या आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. तांब्याचा रोध, म्हणजे हेच ओहम, तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. ३० अंशांवरून ९० अंशांवर नेलात तर जवळजवळ चोवीस टक्के वाढणारच, म्हणजे ८००चे ९९० व्हायलाच हवेत. नाही वाढले तर काळजी करा. असा सेन्सर तापून खरंच गेला असेल तर मीटर बहुधा एकदम अनंत दाखवतो, वेटोळं आतून तुटलेलं असतं म्हणून. हे मी फोनवर सांगितलं. तोवर नवा सेन्सर बसून, बिल दादांच्या खिशात गेलेलं होतं. पुढच्या घाटात पी०३३५ हजर.

पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, त्याचा प्लग आला, वायरी आल्या, त्या वायरींवरचं जाळीचं कवच आलं, आणि दुसऱ्या टोकाला ईसीयूची पिन आली. यातली एकच वस्तू इंदूरच्या ग्वालटोलीत डब्यात घालून विकत मिळते, म्हणून मिस्त्री तीच बदलतात.

मी आधी एक गोष्ट पाहिली, ती तुम्हीही पाहा. स्कॅनरवर कोडसोबत फ्रीज फ्रेम असते, म्हणजे कोड लागला त्या क्षणी इंजिनाचं तापमान, आरपीएम, लोड किती होतं त्याची नोंद. तुमच्या गॅरेजवाल्याने कोड बघितल्या बघितल्या उडवला असणार, आणि त्याबरोबर ही नोंदही उडाली. माझ्या नोंदीत पाण्याचं तापमान अगदी नेहमीचं, ९०च्या आतलं. लोड मात्र चिक्कार. शिवाय मे महिन्यात, भर दुपारी, एसी लावून मी हीच गाडी उज्जैनला नेऊन आणली होती तेव्हा तिने शिंकही दिली नव्हती. उष्णतेचा दोष असता तर त्या दिवशी वाटेतल्या सांवेरच्या आधीच बसली असती. उज्जैनचा रस्ता सपाट आहे. म्हणजे गाडी तापल्यावर बंद पडत नव्हती, जोर लागल्यावर पडत होती. घाटात दोन्ही एकदम होतं, म्हणून सगळे फसतात.

जोर लागला की इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला झुकतं. जुन्या गाडीत रबर थकलेलं असतं, त्यामुळे जरा जास्तच झुकतं. अंगणात तपासून घेतलं. चारी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेक दाबून लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) पहिला गिअर टाकला आणि क्लच हलकेच सोडायला लागलो. इंजिन कलंडलं, आणि ते नीट बंद पडायच्या आधी आरपीएमचा काटा टपकन शून्यावर. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर, म्हणजे ईसीयूला क्रँकचा सिग्नलच पोचत नाहीये. रिव्हर्स टाकून तेच केलं, तर काटा आपला इंजिनाबरोबर सावकाश खाली आला, मध्येच पडला नाही.

मग गाडीखाली शिरलो. माळव्याची काळी माती ज्याने पावसात तुडवली आहे त्याला पुढचं सांगायला नको. स्टार्टरच्या वरच्या बाजूने जी वायरिंगची नळी जाते, ती मातीने लिंपलेली होती. स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तर ढेकळं पडली, आतून ओलीच. नळीला धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती. आदल्या वर्षी क्लचप्लेटचं काम झालं होतं, तेव्हा गिअरबॉक्स उतरवताना कुणीतरी ती काढली आणि परत लावली नाही. त्यामुळे नळी एका ब्रॅकेटच्या धारेवर टेकून राहिली होती आणि दर वेळी इंजिन झुकलं की घासत होती. नळी कापून उघडली. आत वायरीचं आवरण नखभर जागेत पार गेलेलं, जाळी उसवलेली, आणि उघड्या तांब्यावर हिरवट पूड, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हणावर चढते तशी. इंजिन झुकलं की तांबं ब्रॅकेटला टेकायचं, सिग्नल अर्थ होऊन गायब. सरळ झालं की सुटायचं, सगळं आलबेल.

तुमची गाडी "थांबल्यावर चालू होते" असं तुम्ही म्हणता. बंद पडल्या पडल्या, सुरक्षित जागी असताना, लगेच किल्ली मारून बघितलीत का? बहुतेक नसेल. गरम झालीय असं मनाने घेतलं की माणूस चहा शोधतो. लगेच चालू झाली तर उष्णतेचा विषय तिथेच संपला.

आता तुम्ही काय करायचं ते. प्लग काढा आणि पिना मोजा. दोन पिना आणि आत वेटोळं असेल तर वर सांगितलं तसं ओहम बघा, थंड आणि गरम. तीन पिना असतील तर तो बहुधा हॉलचा सेन्सर, म्हणजे वेटोळ्याऐवजी चिपवाला, त्याला ओहम लावून काही कळत नाही, तिथे किल्ली ऑन करून प्लगवर पुरवठा येतोय का बघा, सहसा ५ व्होल्ट. मग ईसीयूकडचा प्लग सोडवून सेन्सरपासून तिथपर्यंत प्रत्येक वायर मोजा, आणि मोजताना दुसऱ्याला वायरिंग हलवायला सांगा. न हलवता मोजलेली वायर मोजली असं मी धरत नाही. अर्थिंगही बघा: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि स्टार्टर मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थची पट्टी काढून घासा. पावसाळ्यात पाण्यात घातलेल्या गाड्यांचे निम्मे भुताटकीचे कोड तिथेच निघतात, असा माझा अनुभव. वायर सापडलीच तर नुसती पिळून टेप मारू नका. झाळा, श्रिंक ट्यूब चढवा, जाळी पुन्हा जोडा, आणि क्लिप लावा. क्लिप सगळ्यात महत्त्वाची.

राहिला तुमचा ईसीयूचा मुद्दा. ईसीयू जातात, नाही असं नाही, मुख्यतः पाणी शिरून किंवा कुणी बॅटरीला उलटे जंप लावून. पण ईसीयू गेला तर तो घाट बघून जात नाही. वायरी मोजून झाल्याशिवाय त्याचं नावही काढू देऊ नका.

आणि हो, सेन्सर खरंच खराब असू शकतो, हेही धरून चला. स्वस्तातला डब्बा बसवला असेल तर नवा सेन्सर पहिल्या दिवसापासून वाईट असतो. सेन्सरच्या चुंबकाला लोखंडाचा भुगा चिकटला, किंवा सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी चाकाचा एखादा दात दुखावला, तरी हाच कोड लागू शकतो. बॉशच्या पद्धतीत त्या चाकावर ६० दातांची जागा असते आणि २ दात मुद्दाम गाळलेले असतात, त्या मोकळ्या जागेवरून ईसीयू क्रँकची स्थिती ओळखतो. गिअरबॉक्स उतरवला असेल तर तेही बघून घ्या. क्लचवाली चाचणी एकट्याने करू नका, गाडीच्या पुढे-मागे कुणाला उभं करू नका. इंजेक्टरच्या वायरींना चालू इंजिनात हात नको, तिथे १२ व्होल्ट नसतात, झटका चांगलाच बसतो. डिझेलची हाय प्रेशर लाइन चालू इंजिनात सैल करणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी उचलून आणा, कारण त्या धारेने कातडीखाली डिझेल घुसतं. आणि घाटात बंद पडलीच तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, मग पाय लोखंडावर ठेवल्यासारखा लागतो. एकदाच दाबा आणि दाबून ठेवा.

दादांनी वायर डोळ्यांनी बघितली आणि म्हणाले, "बघ, एमएम ५४०मध्ये ही वायरच नव्हती." नव्हती, कबूल. पण तिच्या डिझेल लाइनमध्ये हवा शिरली की तीही रस्त्यात उभी राहायची, आणि दादा फीड पंपाचा दट्ट्या हाणत, बुडबुडे मोजत अर्धा अर्धा तास बसायचे, ते मी लहानपणी मागच्या बाकावरून पाहिलंय. त्यांना हवा काढता येत होती म्हणून ती गाडी भरवशाची. मीटर धरता येत नाही म्हणून ही कटकटीची. जुनी गाडी सेन्सरमुळे विकावी लागत नाही हो, फुकट सल्ल्यामुळे विकावी लागते.

दादा हे वाचणार आहेत, त्यांना फेसबुकवर कुणीतरी पाठवेलच. दादा, तुमच्या मिस्त्रीने काढून फेकायला दिलेला जुना सेन्सर मीच परत बसवलाय, गाडी त्याच्यावर चाललीय. नवा डब्यात पडून आहे, बिल असेल तर परत करून या. आणि येताना माझा मीटर घेऊन या, दिवाळीपासून तुमच्याकडेच आहे.