वाचकांचे प्रश्न : वाचनालयाच्या संकेतस्थळाचा मेनू

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी जुने सार्वजनिक वाचनालय असून त्याचे संकेतस्थळ नव्याने करून घ्यायचे आहे. सध्याच्या मेनूत ‘वाचनालयाविषयी’, ‘कार्यकारिणी’, ‘अध्यक्षांचे मनोगत’, ‘विभाग’, ‘उपक्रम’, ‘सेवा’, ‘अहवाल’ इत्यादी अकरा पर्याय आहेत. तरीही वेळ, वर्गणी आणि अभ्यासिकेतील जागा विचारणारे फोन थांबत नाहीत. काम करणारे गृहस्थ सांगतात की, पर्याय सातच असावेत आणि कोणतेही पान तीन क्लिकमध्ये उघडावे. एवढे केल्यास अडचण दूर होईल काय?
— कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय

उत्तर : केवळ तेवढ्याने दूर होणार नाही. सातचा आकडा जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ मधील निबंधातून उचललेला आहे आणि तो निबंध माणसाला एका वेळी किती गोष्टी ध्यानात ठेवता येतात याविषयीचा आहे. मेनू तर डोळ्यांसमोरच असतो, तो कोणाला पाठ करावा लागत नाही. तीन क्लिकचा नियम संकेतस्थळांचे अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी २००३ मध्ये तपासून पाहिला, तेव्हा तिसऱ्या क्लिकनंतर लोक शोध सोडून देतात असे काही आढळले नाही. आपण योग्य दिशेने चाललो आहोत अशी खात्री वाटत असेल, तर माणूस पाचवे क्लिकही विनातक्रार करतो.

ही खात्री पर्यायाच्या नावातून येते. पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी १९९० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मांडले की, माहिती शोधणारा माणूस भक्ष्याचा माग काढणाऱ्या प्राण्यासारखा वासावर पुढे जातो आणि वास विरला की वाट बदलतो. आपल्या मेनूत नेमका येथेच दोष आहे. घरपोच पुस्तकांची माहिती ‘सेवा’मध्ये असेल, ‘उपक्रम’मध्ये असेल की ‘विभाग’मध्ये, हे बाहेरच्या माणसाने कशावरून ओळखावे? ही नावे कार्यालयातील कपाटांच्या क्रमाने लावलेली दिसतात. वाचक मात्र आपले काम घेऊन येतो. ‘वेळ व पत्ता’, ‘सभासद व्हा’, ‘पुस्तक शोधा’, ‘अभ्यासिका’, ‘बालविभाग’ अशी कामांची नावे वर आणावीत. अध्यक्षांचे मनोगत आणि कार्यकारिणी ‘वाचनालयाविषयी’ या पानावर सुखाने नांदतील (ही सूचना बैठकीत मांडण्याचे कौशल्य अर्थातच आपल्याकडे असावे लागेल). वार्षिक अहवाल व हिशेब पाहणाऱ्यांची संख्या थोडी असते, आणि ते पानाच्या तळाशीही पाहतात.

ही मांडणी समितीच्या बैठकीत ठरवू नये. संकेतस्थळावरील प्रत्येक पानाचा विषय एकेका कार्डावर लिहून ती कार्डे देवघेव विभागात येणाऱ्या पंधराएक सभासदांपुढे, एका वेळी एकाच्याच पुढे, ठेवावीत आणि जवळची वाटतील ती एकत्र लावून गठ्ठ्याला नाव देण्यास सांगावे. त्यांत स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षिका आणि मुलाला घेऊन येणारी आई असे निरनिराळे लोक असावेत. काही कार्डे दोन गठ्ठ्यांत पडतील. त्याची चिंता नको. वाचनालयाच्या जुन्या तालिकेत (ग्रंथसूचीत) एकाच पुस्तकाची लेखकाच्या, ग्रंथनामाच्या आणि विषयाच्या नावाने वेगवेगळी नोंदकार्डे असत, त्याप्रमाणे ‘अनामत रक्कम परत मिळणे’ हे एकच पान ‘सभासदत्व’ आणि ‘नियम’ या दोन्ही ठिकाणांहून उघडता येऊ शकते.

फोनच्या पडद्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण आपले बहुतेक सभासद तेथूनच येतील. फोनवर मेनू उघडणारे तीन आडव्या रेघांचे चिन्ह नॉर्म कॉक्स या आरेखनकाराने झेरॉक्सच्या १९८१ मधील स्टार संगणकासाठी रेखाटले होते. इतकी वर्षे लोटूनही त्यामागे काय दडले आहे हे अनेक ज्येष्ठ वाचकांना उमगत नाही. त्याशेजारी ‘मेनू’ हा शब्द लिहावा, आणि सर्वांत जास्त लागणारे तीन-चार पर्याय चिन्हामागे न दडवता पानावर उघडेच ठेवावेत. माउस वर नेल्यावर उलगडणारे उपमेनू बोटाने चालवताना त्रास देतात, म्हणून ते टाळावेत. वेब सुगम्यतेच्या (म्हणजे अपंगांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या) २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीच्या निकषांनुसार बोट टेकवण्याची जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल (संकेतस्थळाच्या मांडणीत वापरले जाणारे मोजमापाचे एकक) असावी. वृद्ध वाचकांसाठी ती याहून बरीच मोठी ठेवावी. मेनूची पट्टी फार अरुंद केल्यास वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात, हेही पाहून घ्यावे.

अनेक जण गुगलवरून थेट आतल्या पानावर उतरतात. म्हणून प्रत्येक पानावर तोच मेनू त्याच जागी असावा, चालू पानाचा पर्याय ठळक दिसावा आणि वर ‘मुखपृष्ठ › सभासदत्व › वर्गणी’ अशी वाट लिहिलेली असावी. पुस्तकांच्या शोधखिडकीने ऱ्हस्व-दीर्घाची चूक पोटात घालून उत्तर दिले पाहिजे. तेवढे होत नसेल तर लेखकांची अकारविल्हे यादी द्यावी.

पैसे खर्चण्याआधी नवा मेनू कागदावर लिहून चार-पाच नव्या सभासदांना ‘पावसाळ्यात अभ्यासिका किती वाजता बंद होते ते शोधा’ असे काम द्यावे आणि ते कोणत्या नावावर बोट ठेवतात ते, मदत न करता, पाहावे. दोघे एकाच ठिकाणी चुकले तर नाव बदलावे. नवे संकेतस्थळ सुरू करताना जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवून देण्याचे काम त्या गृहस्थांच्या करारातच लिहून घ्यावे, म्हणजे व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरत असलेल्या जुन्या लिंक बंद पडणार नाहीत.