स्टेडियम असताना प्रजासत्ताक दिनाचं संचलन रस्त्यावर का होतं? जागा कोणत्या हिशेबानं ठरली?

तुम्ही विचारलंय की १९५० चं पहिलं संचलन स्टेडियममध्ये झालं होतं, मग आजही ते तिथेच का घेत नाहीत. अर्धी दिल्ली बंद ठेवण्यापेक्षा ते सोयीचं नाही का? मी एनसीसीची कॅडेट असताना आरडीसीला, म्हणजे दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिराला, महाराष्ट्राकडून गेले होते. तेव्हा संचलनाच्या रस्त्याचं नाव राजपथ होतं. जानेवारीभर रोज पहाटे त्यावरून चालले आहे, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी तुमची माहिती बरोबर आहे हे सांगते. २६ जानेवारी १९५० रोजी सकाळी डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा शपथविधी दरबार हॉलमध्ये झाला. दुपारी ते घोड्यांच्या बग्गीतून आयर्विन स्टेडियमवर गेले. तिथे ३१ तोफांची सलामी झाली, तिन्ही दलांचे सुमारे ३,००० जवान संचलनात होते, प्रमुख पाहुणे इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो होते. स्टेडियम गच्च भरलं होतं. पण गच्च म्हणजे किती? साधारण १५,००० माणसं. मागे पुराना किल्ल्याची तटबंदी दिसत होती. जेमतेम अडीच वर्षांपूर्वी, १९४७ मध्ये, त्याच किल्ल्यात निर्वासितांच्या छावण्या होत्या. त्या दिवशीचे फोटो बघताना माझी नजर दर वेळी जवानांवरून त्या भिंतीकडे जाते.

हे स्टेडियम १९३३ चं, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभं राहिलेलं. आता ते मेजर ध्यानचंद यांच्या नावानं ओळखलं जातं. नकाशा उघडून बघा: राष्ट्रपती भवनापासून सरळ रेघ ओढली तर ती विजय चौक आणि इंडिया गेटवरून जाऊन थेट या स्टेडियमवर पोचते. म्हणजे पहिलं संचलनसुद्धा त्याच रेषेवर, तिच्या दुसऱ्या टोकाला झालं होतं.

पुढची चार वर्षं एक जागा ठरली नव्हती. किंग्जवे (राजपथाचंच इंग्रजी अमदानीतलं नाव), लाल किल्ला, रामलीला मैदान अशी आलटून पालटून नावं येतात. १९५५ पासून राजपथ कायमचा ठरला. त्या वर्षी पाहुणे होते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल मलिक गुलाम मोहम्मद. २०२२ मध्ये रस्त्याचं नाव कर्तव्यपथ झालं, जागा तीच राहिली.

आता मूळ प्रश्न. स्टेडियम का नको?

पहिलं कारण प्रेक्षकांचं. १५,००० लोकांत राजधानीचा सोहळा आटोपला तर तो निमंत्रितांचाच होतो. रस्त्यावर आज पाऊण लाखाच्या आसपास आसनं असतात. आमच्या वेळी संचलन टिळक मार्ग, बहादूरशहा जफर मार्ग करत लाल किल्ल्यापर्यंत आठेक किलोमीटर जायचं, तेव्हा पासबीस नसलेली माणसंही कडेला उभी राहून बघायची. आम्ही त्या लांब वाटेनं गेलो होतो. सलामी मंच मागे पडल्यावर पोटऱ्या भरून येतात, कॅमेरे संपलेले असतात आणि तेव्हाच खांद्यावर पोरं घेतलेली, गच्चीवर चढलेली माणसं दिसायला लागतात. मला स्वतःला सलामी मंचापेक्षा तो टप्पा जास्त आठवतो.

दुसरं कारण वळणाचं, आणि हे चाललेल्या माणसालाच कळतं. एका रांगेत १२ जणी, अशा १२ रांगा म्हणजे १४४. ही तुकडी वळवायची म्हटलं की आतल्या कडेच्या मुलीला जवळजवळ जागच्या जागी कदमताल करावी लागते आणि बाहेरच्या कडेच्या मुलीला लांब ढांगा टाकाव्या लागतात. वळण संपलं तरी रांग लगेच सरळ होत नाही. ड्रेसिंग, म्हणजे रांगेची सरळ ओळ, परत जमायला आणखी वीस-पंचवीस पावलं जातात. स्टेडियमच्या गोलात ही कसरत सारखीच करावी लागणार. कर्तव्यपथावर मात्र विजय चौकापासून इंडिया गेटपर्यंत दोनेक किलोमीटर नुसतं सरळ जायचं असतं. ‘दाहिने देख’ची आज्ञा येते तोवर रांग घट्ट झालेली असते. उजवीकडची पहिली मुलगी समोर बघत राहते, बाकी अकरा माना एका झटक्यात उजवीकडे. त्या क्षणी पुढचा रस्ता आपल्याला दिसत नसतो, पाय आपोआप पडत असतात. रस्ता सरळ आहे या भरवशावर ते चालतं.

तिसरं, विमानं आणि रणगाडे. फ्लायपास्ट, म्हणजे विमानांचं संचलन, याच रेषेवरून, रायसीनाच्या म्हणजे राष्ट्रपती भवनाच्या टेकडीच्या बाजूनं इंडिया गेटकडे येतो, म्हणून विमानं लांबून येताना दिसतात आणि लांबवर जातानाही दिसतात. स्टेडियमच्या भिंतींमध्ये बसून वर बघितलं तर आवाज येईपर्यंत विमान निघून गेलेलं असतं. रणगाड्याचं तर विचारूच नका. तो आत शिरणार कुठून, वळणार कुठे आणि त्याच्या पट्ट्यांखाली धावपट्टीचं काय होणार?

जागा आणि रणगाडा यांचं हे नातं मॉस्कोत फार कठोरपणे दिसलं. लाल चौकात शिरण्याच्या वाटेवर जुनी दुहेरी कमानीची वेस होती. लष्कराची अवजड वाहनं आत यावीत म्हणून १९३१ मध्ये ती पाडून टाकली. नव्वदच्या दशकात तशीच वेस पुन्हा बांधली. दिल्लीत काही पाडावं लागलं नाही, कारण तो रस्ता मुळातच मिरवणुकीसाठी आखलेला होता. इंग्रजांनी आपल्या बादशहासाठी आखला आणि चालतोय आपण. ही गोष्ट मला मनापासून आवडते. काहींना वाटतं की परक्यांच्या रस्त्यावर आपला सोहळा कशाला. मला तसं वाटत नाही. ज्या टेकडीवर व्हाइसरॉय राहायचा तिथून आपला राष्ट्रपती खाली येतो आणि खेड्यापाड्यातली पोरं त्याला सलामी देतात, हे नव्या कोऱ्या मैदानावर दिसलं नसतं.

एका बाबतीत मात्र स्टेडियमच बरं, आणि ते मान्य करायला हवं: आवाज. संचलनात मिनिटाला १२० पावलं पडतात, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे बँडपासून १७० मीटर लांब असलेल्या तुकडीला ढोलाचा ठोका बरोब्बर एक पाऊल उशिरा ऐकू येतो. डाव्या पावलाचा ठोका उजव्यावर पडतो! त्यात मागचा एक बँड, पुढचा एक आणि सलामी मंचासमोरचा तिसरा असे तिन्ही कानावर आले की नवशिक्याचा पाय हमखास तुटतो, म्हणजे ताल सुटतो. पहिल्या सरावाला आमच्या अख्ख्या चौथ्या रांगेचा पाय तुटला होता. आमचे ड्रिलचे उस्ताद सांगायचे, कानावर विश्वास ठेवू नका, पुढच्या मुलीच्या खांद्याकडे बघा. धुक्यात तो खांदासुद्धा पुसट दिसायचा. पहाटे तीनला उठायचं, पितळी बक्कल इतकं गार की बोट टेकवत नसे आणि पुढे फक्त एक खांदा.

गर्दीचा हिशेब चुकला तर काय होतं तेही जागा ठरवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवायला हवं. ऑक्टोबर २०२४ मध्ये चेन्नईला मरीना किनाऱ्यावर हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली. लाखोंनी माणसं आली आणि उन्हाच्या कडाक्यात पाच जणांचा जीव गेला. किनारा प्रशस्त होता, विमानांना मोकळं आकाश होतं. पण सावली, पाणी आणि घरी परतायची वाट हेही जागेचेच भाग आहेत. दिल्लीत जानेवारीची थंडी या बाबतीत सांभाळून घेते.

दिल्लीकरांना त्रास होतो हे तुमचं म्हणणं खरंच आहे. रस्ते बंद, मेट्रोची काही दारं बंद, आजूबाजूची कार्यालयं रिकामी, आणि त्या आठवड्यात सकाळचे दोन-अडीच तास विमानतळावरची उड्डाणंही थांबतात. म्हणून मला वाटतं, प्रत्येक लष्करी सोहळा राजधानीतच हवा असं नाही. सेना दिनाचं संचलन २०२३ पासून दिल्लीबाहेर न्यायला लागले ते योग्यच झालं. आधी बेंगळुरू, मग लखनौ आणि २०२५ मध्ये आपलं पुणे, खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, मैदानावर. भाचीला घेऊन गेले होते. तिनं आयुष्यात पहिल्यांदा बुटांचा एकत्र पडणारा आवाज टीव्हीशिवाय ऐकला आणि माझा हात घट्ट धरला. ज्या जिल्ह्यांतून पिढ्यान् पिढ्या पोरं सैन्यात जातात तिथल्या लोकांना दिल्लीचं तिकीट काढायला न लावता हे दिसायला हवं.

प्रजासत्ताक दिनाचं तसं नाही. तो सैन्याचा एकट्याचा दिवस नाही, राज्यघटनेचा आहे. राष्ट्रपती भवन आणि हुतात्म्यांचं स्मारक एकाच रेषेवर असणं आणि संसदही शेजारीच असणं त्याला शोभतं. पॅरिसमध्येही असंच आहे. १४ जुलैचं, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचं, संचलन म्हणजे शाँझेलिझे हा रस्ता, हे तिथे इतकं पक्कं आहे की २०२४ मध्ये ऑलिम्पिकमुळे ते दुसऱ्या रस्त्यावर न्यावं लागलं तर त्याचीच बातमी झाली. २००९ मध्ये त्याच शाँझेलिझेवर भारतीय तुकड्यांच्या अग्रभागी आपली मराठा लाइट इन्फंट्री चालली होती, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि हो, २०२१ मध्ये कोरोनामुळे संचलन लाल किल्ल्यापर्यंत न जाता नॅशनल स्टेडियमपाशीच संपलं. १९५० ची तीच जागा.

दिल्लीला गेलात तर एक करून बघा. विजय चौकाच्या बरंच अलीकडे उभं राहून राष्ट्रपती भवनाकडे बघा आणि मग चालत चौकाकडे जा. जसजसे जवळ जाल तसतसं भवन चढाच्या आड बुडत जातं आणि शेवटी घुमटच काय तो उरतो. या चढावरून ल्युटेन्स आणि बेकर या दोन वास्तुविशारदांत मोठं भांडण झालं होतं. ल्युटेन्सला ती घोडचूक वाटायची. आता तिथून उलटं वळा. पहाटे आम्ही ज्या जागी थंडीत पाय आपटत उभ्या असायचो ती हीच. समोर अख्खा रस्ता आणि टोकाला धुक्यातून हळूहळू वर येणारी इंडिया गेटची कमान दिसते.