पार्सलच्या चहाचं झाकण : साच्याआधी कपाची कड बघा

राम राम भाऊ,

तुमचं म्हणणं असं, की पारोळ्याजवळ हायवेला दुकान आहे, चहा, ताक आणि उसाचा रस तिन्ही चालतं, पण मोटारसायकलवर पार्सल गेलं की झाकणाखालून गळतं. म्हणून जळगाव एमआयडीसीतून स्वतःचा साचा करून न सांडणारं झाकण काढायचं. ते कसं असावं, हा प्रश्न. थर्मोफॉर्मिंगच्या, म्हणजे प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर आकार देणाऱ्या मशिनपाशी केस पांढरे झालेत, म्हणून आधी एवढंच सांगतो : साच्याचा अ‍ॅडव्हान्स इतक्यात देऊ नका.

गळतंय नेमकं कुठून ते आधी बघा. कपात कोमट चहा ओता, झाकण दाबून बसवा आणि कोऱ्या कागदावर कप आडवा धरून हळूहळू फिरवा. पिण्याच्या भोकाचं सोडा, ते गळणारच. बाकी गोलाईत थेंब बहुतेक करून एकाच जागी येतो, कपाच्या उभ्या जोडापाशी. तिथे कागद दुहेरी असतो, त्यामुळे वरची कड गुंडाळताना बारीकशी पायरी पडते. नख फिरवून बघा, अडकतं. झाकणाची खाच, म्हणजे कपाची कड जिच्यात अडकते ती, त्या पायरीवर चढते आणि तिच्या दोन्ही बाजूंना फट राहते. पिताना कप कलतो तो भोकाच्या बाजूला. भोक जोडावर आलं असेल तर त्या फटीतून थेंब थेट शर्टावर. तेव्हा काउंटरवरच्या पोराला सांगून ठेवा, जोड एकीकडे आणि भोक दुसरीकडे. याला पैसा लागत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

दुसरी भानगड मापाची. बाजारात ‘ऐंशीचा कप’, ‘नव्वदचा कप’ असं म्हणतात, म्हणजे तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पण कप एका कारखान्याचा, झाकण दुसऱ्याचं, आणि दोघांचा ‘नव्वद’ एकच असेल याची हमी कोणी देत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही खाचेला पुरतो : सैल झालं तर गळतं, घट्ट झालं तर बसवताना कप चेपतो. व्हर्निअर (बारीक माप मोजायची पट्टी) घ्या आणि एकाच कपाचं तोंड तीन-चार दिशांनी मोजा. गठ्ठ्यात दाबून आलेले कप गोल राहिलेले नसतात, हे तेव्हाच कळेल.

साचा करायचाच ठरला तर मटेरियल आधी ठरवा, कारण माप त्यावरच अवलंबून आहे. झाकणाच्या प्लास्टिकपैकी पॉलिस्टायरीन थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन दीड-दोन टक्के. नव्वद मिलिमीटरवर हा फरक एक मिलिमीटर किंवा जास्तच होतो. पॉलिस्टायरीनसाठी कापलेल्या साच्यात पॉलिप्रॉपिलीनची शीट टाकून ‘चालून जाईल भो’ म्हणणारे भेटतील. नाही चालत. चहासाठी पॉलिप्रॉपिलीनच घ्या, उकळत्या चहाच्या वाफेलाही ते दाद देत नाही. दिसायला काचेसारखं असलेलं पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) हे थंडाचं काम, सत्तर अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. आणि मक्यापासून केलेलं म्हणून जे पीएलए विकतात त्याचं साधं झाकण पंचावन्न-साठ अंशांतच नरमतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना बंद टेम्पोत किंवा पत्र्याच्या गोडाऊनमध्ये किती होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या एसी कॅफेत चाललं म्हणून ते भुसावळ-जळगावात टिकेलच असं नाही. गरम पेयासाठी मुद्दाम स्फटिकी केलेलं पीएलए वेगळं मिळतं, पण ते महाग पडतं.

आता झाकणाच्या आकाराबद्दल. घुमटासारखं उठलेलं, ओठाला टेकायला कड असलेलं जे झाकण सगळीकडे दिसतं, त्याचा मूळ नमुना अमेरिकेतल्या सोलो कंपनीचा ‘ट्रॅव्हलर’. जॅक क्लेमेंट्स यांचं ते डिझाइन १९८६ चं, आणि न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते ठेवलंय. त्यात नाकाला जागा आहे, फेसाला जागा आहे, सांडलेला थेंब भोकाकडे परत यावा असा खोलगटपणा आहे. भोकाच्या समोरच्या बाजूला टाचणीएवढं दुसरं छिद्र असतं, ते विसरू नका. त्यातून हवा आत गेली नाही तर चहा गटागटा हिसके देत येतो, आणि वाफ कोंडली तर झाकणच उचकटतं.

पण हे सगळं चालता चालता एकट्याने पिणाऱ्यासाठी आहे. तुमचं गिऱ्हाईक तसं आहे का? पार्सल चहा जातो दुकानात, तहसीलला, बाजार समितीत, आणि तिथे चार जणांत वाटून पिला जातो. त्या चहाला पिण्याचं भोक हवंच कशाला? त्याला हवी ओतायची चोच, वाफेचं एक बारीक छिद्र आणि घट्ट बसणारी कड. रोजच्या बांधलेल्या गिऱ्हाइकाला तर रबरी वॉशर आणि फिरकीचं झाकण असलेली स्टीलची बरणी अनामत घेऊन द्या. किटली फिरतेच आहे, तिला फक्त मोटारसायकलवर बसवायचंय. कागदी कप आणि झाकण हायवेच्या गाडीवाल्यांपुरतं ठेवा.

गाडीवाल्यांवरून आठवलं. १९९२ मध्ये अमेरिकेत अल्बुकर्कला ७९ वर्षांच्या एका बाईंनी थांबलेल्या गाडीत कॉफीचा कप गुडघ्यांत धरला, दूध-साखर घालायला झाकण ओढलं, आणि ऐंशीच्या वर अंश असलेली कॉफी अंगावर आली. गंभीर भाजलं, खटला जगभर गाजला. आपल्या चहात साखर आधीच पडलेली असते हे बरं, पण झाकण काढायला कप दाबावा लागू नये एवढं यातून घ्या. झाकणाला धरायला मोठा कान ठेवा, आणि पातळ कागदाचा कप घेऊच नका.

हिंदकळण्याचं म्हणाल तर २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी चालताना कॉफी का सांडते याचा अभ्यास केला होता. पावलांची लय आणि कपातल्या द्रवाच्या हेलकाव्याची लय जुळली की सांडतं. पारोळ्याच्या रस्त्यावर लय खड्डे ठरवतात, ते वेगळं. उपाय म्हणजे वर बोटभर जागा सोडा. काठोकाठ भरला नाही तर गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून दीडशे मिलिलिटर चहा दोनशेच्या कपात द्या. ताकाला मात्र फेसाचीच मदत होते : वर फेसाचे थोडे थर असले तरी लाटा दबतात, हे प्रयोगाने दिसलंय. म्हणून ताक घुसळून लगेच, फेस असेपर्यंत भरा. त्यातली कोथिंबीर आणि जिरं बारीक भोकात अडकतं, म्हणून तिथे रुंद तोंडाचं सपाट झाकण.

उसाच्या रसावर डोकं घालवू नका. तो जागेवर प्यायचा, पार्सलमध्ये काळा पडतोच.

कायद्याचं आधीच बघून घ्या. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर राज्याची बंदी २०१८ ची, केंद्राची १ जुलै २०२२ पासून, आणि त्यात प्लास्टिकचे कप, ग्लास, स्ट्रॉ नावानिशी आहेत. त्याच जुलैत राज्याने प्लास्टिकचा लेप असलेले कागदी कपही बंदीत घेतले, बाजारात ते राजरोस दिसत असले तरी. तेव्हा कप, झाकण आणि मटेरियल या तिन्हींची नावं लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. साच्याचे पैसे परत मिळत नाहीत.

कप कुठल्या मापाचा आहे, तोंडाचे मोजलेले तीन-चार व्यास आणि गुंडाळलेल्या कडेची जाडी एवढं कळवा. मग खाच किती खोल ठेवायची ते सांगतो.