पर्थच्या रानातली ऑर्किडं बघायला कुठे आणि कधी जावं?

सप्टेंबरच्या शेवटी तुम्ही दोघं लेकीकडे ऑस्ट्रेलियात पर्थला येताय, कास चार-पाच वेळा पाहून झालंय आणि आता इथल्या रानातली ऑर्किडं नि रानफुलं पायी फिरून बघायची आहेत. कुठे जावं आणि दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

झेपेल, निर्धास्त या. इथे वसंत सप्टेंबरात सुरू होतो आणि माझं दर वसंतातलं बहुतेक फिरणं शहरातच, वायरलेस हिल नावाच्या टेकडीवर होतं. १९१२ मध्ये तिथे बिनतारी संदेशांचं केंद्र सुरू झालं, त्यावरून हे नाव. जेमतेम ४० हेक्टरचं रान आहे, चहूबाजूंनी वस्ती. एक किलोमीटर फिरायला मला दोन तास लागतात, कारण सारखं थांबावं लागतं.

कासची सवय असलेल्या डोळ्यांना पहिला दिवस जड जातो. तिथे तेरडा फुलला की अख्खा सडा गुलाबी होतो. इथलं ऑर्किड मात्र सुटं, वीत-दोन वीत दांड्यावर, करड्या पाचोळ्यात उभं असतं. सह्याद्रीत कितीतरी आमरी, म्हणजे आपली ऑर्किडं, झाडांच्या फांद्यांवर दिसतात, पर्थच्या आसपासच्या सगळ्या जमिनीतून उगवतात. इथला पाऊस मुख्यतः मे ते ऑगस्ट. तो ओसरताना फुलं येतात आणि उन्हाळाभर मातीत फक्त कंद उरतो. पहिल्या वर्षी मी भराभर चाललो आणि मला एकही दिसलं नाही. म्हणून फूल शोधू नका, पान शोधा. स्पायडर ऑर्किडचं पान एकच असतं, अरुंद आणि लवदार. त्याच्या वर नजर नेली की कोळ्याच्या पायांसारख्या लांब पाकळ्या दिसतात आणि मधोमध झालरीची ओठासारखी पाकळी, टोकाला गडद तांबडी.

ते तांबडं टोक नीट बघा. इथल्या काही गांधीलमाश्यांच्या माद्यांना पंखच नसतात. मादी गवताच्या टोकावर चढून गंध सोडते आणि नर तिला उचलून नेतो. बरीच स्पायडर ऑर्किडं हुबेहूब तोच गंध सोडतात आणि नर फसून फुलावर येतो. हॅमर ऑर्किडची तर कमाल आहे: त्याच्या मादीसारख्या दिसणाऱ्या ओठाला बिजागरीसारखा सांधा असतो. नर ‘मादी’ला घेऊन उडायला जातो, सांधा फिरतो आणि नराची पाठ थेट परागांवर आपटते. डाँकी ऑर्किड वेगळीच फसवणूक करतं. गाढवासारखे दोन कान उभारलेलं हे पिवळं-तपकिरी फूल शेजारच्या मटारकुळातल्या झुडपांच्या फुलांसारखं दिसतं आणि मध न देताच मधमाश्यांना बोलावतं.

काही ठिकाणी जमिनीला चिकटलेलं जाड, गोलसर पान दिसेल, फूल नसेल. ते रेड बीक्स. हे ऑर्किड बहुतेक वेळा रान जळून गेल्यावरच फुलतं. तीन वर्षं मी नुसती पानं पाहत होतो, मग एका उन्हाळ्यात तो तुकडा जळाला आणि पुढच्या वसंतात काळ्या राखेतून पांढरी-तांबडी फुलं वर आली. गुडघे टेकून बसलो होतो, उठवेना.

सकाळी लवकर जायची घाई करू नका. सन ऑर्किडं आपल्या दुपारीच्या फुलासारखी आहेत. ऊन तापल्याशिवाय उघडत नाहीत आणि ढगाळ दिवशी कळ्यांसारखी मिटून राहतात. अकरा ते दोन ही वेळ उत्तम. पण ऊन सापांनाही आवडतं आणि इथला डुगाइट विषारी आहे, तेव्हा वाट सोडू नका.

चालणं अगदीच नको असेल त्या दिवशी किंग्ज पार्कला जा. ४०० हेक्टरचं आहे, त्यातलं दोन-तृतीयांश मूळ रान. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल असलेला कांगारू पॉ तिथे हमखास भेटेल: लाल लवेचा दांडा, हिरवी लवदार फुलं.

एक कळकळीची विनंती. ट्रेकचे बूट आणणार असाल तर तळव्यांतली माती ब्रशने पूर्ण काढा आणि विमानातल्या फॉर्मवर बुटांची नोंद करा. इथे फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा सूक्ष्मजीव आहे. तो बुटांच्या चिखलातून पसरतो आणि बँक्सिया या इथल्या झाडांची रानंच्या रानं मारतो. कुठे वाटेवर बूट घासायची सोय दिसली तर जाताना-येताना दोन्ही वेळा वापरा. आणि देवापुढे ठेवायलासुद्धा फूल तोडू नका. कायद्याने बंदी आहेच, शिवाय त्या फुलाचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात स्वतःची शिदोरी नसते. मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. कंद उकरून घरी लावलेलं रोप म्हणूनच सहसा जगत नाही.

पहिलं ऑर्किड दिसलं की लगेच वाकू नका. आधी पायांभोवती हातभर जागा बघून घ्या. पिवळी काउस्लिप ऑर्किडं तर घोळक्याने असतात आणि पाचवं-सहावं बहुतेक वेळा तुमच्या बुटाला लागूनच असतं.