'दुएर्मो' चालतं, मग 'दुएर्मी' का नाही?

तुमचा प्रश्न असा, की स्पॅनिशमध्ये 'दोर्मीर' म्हणजे झोपणे, 'मी झोपतो' म्हणजे 'दुएर्मो'. मग 'मी झोपलो' याचं 'दुएर्मी' का होत नाही, आणि मध्येच 'दुर्मियो' (तो झोपला) कुठून उपटतं?

आधी आपलंच बघा. मूल, पण मुलाला. गूळ, पण गुळाची. मागे प्रत्यय लागला की आतला स्वर आखडतो. स्पॅनिशमध्ये हा खेळ उच्चारातल्या जोरावर चालतो. 'दुएर्मो' म्हणताना जोर धातूवर पडतो, म्हणून 'ओ' फुगून 'उए' होतो. 'आम्ही झोपतो' याला 'दोर्मिमोस'. इथे जोर प्रत्ययावर गेला, फुगवटा उतरला. साध्या भूतकाळात जोर प्रत्ययावरच असतो, त्यामुळे 'उए'ला जागाच उरत नाही. दोर्मी (मी झोपलो), दोर्मिस्ते (तू झोपलास), आणि पुन्हा तेच 'दोर्मिमोस'. पेन्सार, म्हणजे विचार करणे, याचं 'पिएन्सो' पण 'पेन्से'. आर आणि एर शेवट असलेली क्रियापदं इथे बहुतेक सरळ वागतात. पोदेर (करू शकणे, सकाळी पाव घेऊन येणारा आपला पोदेर नव्हे), केरेर (हवं असणे), तेनेर (जवळ असणे) ही जमात वेगळी: पुदे, किसे, तुवे. ती पाठच करा.

खरी गोची 'ईर'वाल्यांची. त्यांत फक्त तृतीय पुरुषात स्वर हलतो: दुर्मियो, दुर्मिएरोन. पेदीर (मागणे) याचं पेदी, पेदिस्ते, पण पिदियो, पिदिएरोन. प्रत्ययाच्या तोंडाशी जो 'य'सारखा आवाज आहे, तो जुन्या काळी मागच्या 'ओ'ला 'उ'कडे आणि 'ए'ला 'इ'कडे ओढून बसला. 'दुर्मिएन्दो' (झोपत), 'पिदिएन्दो' (मागत) यांतही तीच ओढ. 'पेर्देर'चं (हरवणे) मात्र 'पेर्दियो'च राहतं, कारण ते एरवालं. लक्षात ठेवायला मी 'देतो, पण दिला' धरलं होतं. कारण वेगळं, पण ए-इ तेच.

'झोपायचो' अशा अर्थाच्या 'दोर्मिया'त काहीच बदलत नाही, ते सोडून द्या.

माझी चूक सांगतो. आमची आजी पोर्तुगीज राजवटीत सेगुंद ग्राव, म्हणजे प्राथमिक शाळेचा दुसरा टप्पा, शिकलेली, तिच्याकडून ऐकून माझ्या कानात पोर्तुगीज बसलेली. त्या भाषेत 'मागितलं' हे 'पेदिऊ' असं लिहितात, 'ए' जागचा हलत नाही. मी पणजीत एका गेस्ट हाऊसच्या काउंटरवर असताना स्पॅनिश पाहुण्यांसमोर बिनधास्त 'पेदियो' म्हणायचो. त्यांना कळायचं, पण हसायचे.

शिवाय आदरार्थी 'उस्तेद'ला, म्हणजे आपल्या 'आपण'ला, तृतीय पुरुषाचंच रूप लागतं. त्यामुळे रोज सकाळी चहा-पावाच्या वेळी पाहुण्याला 'नीट झोप लागली का?' विचारायचं तर 'दुर्मियो बिएन?' हेच. दिवसाला दहादा म्हणून ते रूप जिभेवर बसलं. पिदियो, सिन्तियो (वाटलं), मुरियो (मेला) त्याच्या मागोमाग आपोआप आली.