साखरेवरचे दोन पेपर आणि मॅडमचा शेरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आहारशास्त्राच्या एम.एस्सी. सेमिनारसाठी तुम्ही दोन पेपर घेतलेत. २०१६चा म्हणतो, अमेरिकेतल्या साखर उद्योगाने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकाराचं खापर चरबीवर फोडून घेतलं. २०१८चा म्हणतो, असं काही कारस्थान नव्हतं. तुम्ही दोन्हींचा सारांश लिहून ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असा शेवट केलात आणि मॅडमनी मार्जिनमध्ये लिहिलं, ‘यात तुम्ही कुठे आहात?’

शेरा रास्त आहे. मात्र त्या तुम्हाला एका बाजूला जाऊन बसायला सांगत नाहीयेत.

आधी माझं सांगून टाकतो. माझं शिक्षण उसाच्या बिलावर झालं. घरचा ऊस अजूनही कारखान्याला जातो. त्यामुळे २०१८चा पेपर वाचताना मला बरं वाटलं, आणि तिथेच मी सावध झालो. एम.फिल.च्या वेळची वही मागे एकदा चाळली होती. नावडत्या पेपरांच्या ‘पद्धती’ विभागावर लाल पेनाची नुसती रांगोळी. आवडत्या पेपरांचा ॲबस्ट्रॅक्ट तेवढा सुबक अक्षरात उतरवलेला. मला कोणी एक पैसा दिला नव्हता.

आता पेपरकडे. २०१६चा लेख जामा इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकातला. कर्न्स, श्मिट आणि ग्लान्ट्झ यांचा. जुन्या पत्रव्यवहारातून त्यांनी दाखवलं की शुगर रिसर्च फाउंडेशन या साखर उद्योगाच्या संस्थेने १९६५मध्ये हार्वर्डच्या संशोधकांच्या एका रिव्ह्यूसाठी, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यासाठी, ६,५०० डॉलर मंजूर केले. रिव्ह्यू १९६७मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन भागांत आला. रिव्ह्यूच्या लेखकांनी आपल्या संशोधनाला मिळालेला इतर निधी सांगितला, फाउंडेशनचं नाव मात्र नाही. त्यांच्यापैकी हेगस्टेड फाउंडेशनला उशिराचं कारण कळवतात ते असं की, आयोवाच्या गटाचा (साखरेविरुद्ध पुरावा मांडणाऱ्या संशोधकांचा) नवा पेपर आला की त्याच्या खंडनासाठी आम्हाला एक भाग पुन्हा लिहावा लागतो. पुरावा यायच्या आधीच खंडन ठरलेलं! हे पत्र तुमच्या सारांशात नाही. ते हवंच.

बहुतेक जण इथे ‘पैसे खाल्ले, विषय संपला’ म्हणून मोकळे होतात. पैशाचा माग लागला की कुठे शोधायचं ते कळतं, पण शोधावं लागतंच. म्हणून १९६७चा मूळ रिव्ह्यू काढा आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे साखरेविरुद्धच्या पुराव्यावर घेतलेले आक्षेप लिहा: लोकसंख्येवरच्या अभ्यासांत इतर घटक मिसळलेले आहेत, प्राण्यांना दिलेली साखर माणूस खाईल त्याहून फार जास्त आहे. एकेकटा घेतला तर प्रत्येक आक्षेप वाजवी आहे. आता उजवीकडे तेच आक्षेप चरबीविरुद्धच्या अभ्यासांना लावून बघा. कर्न्स यांचा खरा आरोप या उजव्या रकान्याबद्दल आहे. तिथे हात सैल सोडला, आणि मोजपट्टी म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल तेवढं धरून ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) बाजूला सारलं, असं त्यांचं म्हणणं. एकही वाक्य खोटं न लिहिता असा झुकाव आणता येतो. पण कर्न्स म्हणतात म्हणून मानू नका, रकाना स्वतः भरा. माझ्या मते सेमिनारचे निम्मे मार्क त्या पानात आहेत.

२०१८चा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकातला, जॉन्स आणि ओपनहायमर यांचा. ते इतिहासाच्या अंगाने बोलतात. उद्योगाचा पैसा घेणं तेव्हा सर्रास होतं. रिव्ह्यू छापणाऱ्या न्यू इंग्लंड जर्नलने निधी जाहीर करायचा नियम केला १९८४मध्ये, म्हणजे आजचा कायदा लावून कालचा गुन्हा ठरवू नका. शिवाय चरबीबद्दलचं मत रिव्ह्यू लिहिणाऱ्या मंडळींचं आधीपासूनचं. यात तथ्य आहे: आहारातल्या चरबीवरून कोलेस्टेरॉल किती वाढेल याचं हेगस्टेड यांचं समीकरण १९६५चंच आहे. पुढे १९७७मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने जी आहार-उद्दिष्टं काढली, त्यांना हेगस्टेड यांचा हातभार होता, आणि त्यांत साखर कमी करा असंही सांगितलेलं आहे. विकला गेलेला माणूस असं करेल?

करेलही म्हणा. दहा वर्षांत माणूस बदलतो.

दोन्हीकडची मंडळी कोणत्या वाटेने आलीत तेही बघा. ग्लान्ट्झ यांची हयात तंबाखू कंपन्यांची कागदपत्रं उपसण्यात गेली. साखरेच्या फायलीत त्यांना तीच चाल दिसणं स्वाभाविक आहे. दुसरीकडे, ‘त्या काळी असंच चालायचं’ ही इतिहासकारांची सवय. ‘सगळेच करायचे’ यावरून ते योग्य होतं असं ठरत नाही, हे आपल्याला महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. पण यातल्या कुठल्याच गोष्टीने कोणाचा मुद्दा खोडला जात नाही. तसं वाक्य तुमच्या मसुद्यात आहे (‘ग्लान्ट्झ हे कार्यकर्ते असल्याने...’), ते काढा.

मग प्रत्येक पेपरचा दावा नेमका केवढा आहे ते मोजा. २०१६च्या लेखकांनी स्वतःच कबूल केलंय की फाउंडेशनने रिव्ह्यूचा मजकूर बदलल्याचा थेट पुरावा नाही, आणि ज्यांना विचारायचं ती माणसं आता हयात नाहीत. ‘साखर उद्योगाने अख्खं आहारशास्त्र फिरवलं’ हे बातम्यांनी फुगवलं, आणि २०१८चा लेख बराचसा त्या फुगलेल्या गोष्टीशी भांडतो. फाउंडेशनचा निधी जाहीर केला गेला नाही, हे मात्र त्यानेही खोडलेलं नाही.

माझं मत विचाराल तर रिव्ह्यू झुकलेला होता. तो झुकाव पैशामुळे आला, की मुळात झुकलेली माणसं बघूनच पैसे दिले गेले, हे या कागदांवरून ठरत नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. उसाचं बिल आठवून याला हवी तेवढी सूट द्या.

रकाने भरून झाले की पानाचा फोटो इथे टाका. उजवा रकाना रिकामा राहिला तरी टाका.